मांडवीच्या काठाने जुन्या गोव्याकडे

इतिहास शिकवताना आम्हां शिक्षकांची एक नेहमीची अडचण असते. सनावळी मुलांच्या तोंडी बसते. पण ज्या जमिनीवर त्या घटना घडल्या त्या जमिनीशी तिचा सांधा जुळत नाही. १५१०, १६३४, १७५९, १८४३ हे आकडे विद्यार्थी परीक्षेपुरते सांभाळतो आणि उत्तरपत्रिकेबरोबर परत करून टाकतो. या अडचणीवर मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पहाटे उठून दहा-वीस जणांनी मिळून चालावयास निघणे. गोव्यात या उपायासाठी एक वाट जणू मुद्दाम आखून ठेवलेली आहे. ती पणजीहून निघते आणि मांडवी नदीच्या डाव्या काठाने रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला पोहोचते. आज त्या वाटेविषयीच आपल्याशी बोलावयाचे आहे.

वाट अगदी सोपी आहे. चढउतार जवळजवळ नाहीतच. अंतर नऊ-दहा किलोमीटरांचे. पहाटे साडेपाचला पणजीत आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यापाशी जमावे, सर्वांची मोजदाद करावी आणि उजाडण्यापूर्वी निघावे. तोंड उगवतीकडे असते, त्यामुळे सूर्य वर येईपर्यंत निम्मी वाट उरकलेली बरी. रस्त्याला काही भागांत पायवाट अरुंद आहे. तेथे उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे पाहत, एकामागून एक चालावे. ज्यांचे पाय थकतील त्यांनी रायबंदरला थांबून बस धरावी. त्यात कमीपणा काही नाही. पिण्याचे पाणी मात्र प्रत्येकाने आपापले घ्यावे. ही सूचना आरोग्याची आहेच, परंतु ज्या शहराकडे आपण निघालो आहोत त्याच्या इतिहासाचे मर्मही तिच्यात आहे. ते पुढे कळेल.

ज्या नदीच्या सोबतीने चालावयाचे, तिची ओळख आधी करून घ्यावी. मांडवी म्हणजेच म्हादई. तिचा उगम बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात आहे. बेळगावकर श्रोत्यांना ती माहेरची, गोवेकरांना सासरची. सह्याद्री उतरून ती सत्तरीत येते आणि पश्चिमेस आग्वादजवळ समुद्राला मिळते. पणजीपाशी ती नावापुरती नदी, स्वभावाने खाडी. दिवसातून दोनदा भरतीचे खारे पाणी तिच्यातून आत खूप दूरवर चढते आणि दोनदा ओहोटीबरोबर उतरते. पहाटेच्या वेळी या पाण्याचा ओघ कोणत्या दिशेला आहे एवढे जरी मुलांनी ओळखले, तरी त्या दिवसाचा पहिला धडा झाला असे मी समजतो.

आता निघण्याच्या जागेचा विचार करू. हा राजवाडा विजापूरच्या आदिलशाहीच्या काळातला. पोर्तुगीज सत्तेचा व्हाइसरॉय १७५९ साली येथे राहावयास आला. त्याआधी सहा दशके, म्हणजे १६९५ पासून, व्हाइसरॉयांचे वास्तव्य रायबंदरच्या पुढे पणेली येथे, बंदुकीची दारू बनविण्याच्या कारखान्यालगतच्या वाड्यात होते. आणि त्याही पूर्वी ते खुद्द गोवा शहरात, आज ज्याला आपण जुने गोवे म्हणतो तेथे, नदीच्या धक्क्यावरील किल्लेवजा वाड्यात राहत. जुने गोवे, पणेली, पणजी असा हा क्रम आहे. राजधानी पूर्वेकडून पश्चिमेकडे याच काठाने सरकत आली. अखेर १८४३ साली राजाज्ञेने पणजीला ‘नवे गोवे’ हे नाव आणि राजधानीचा मान मिळाला. आपण पहाटे चालतो ते उलट दिशेने. एक शहर ज्या पावलांनी इकडे आले त्याच पावलांवर पाऊल ठेवून आपण त्याच्या बालपणाकडे जातो.

पाटोचा छोटा पूल ओलांडला की शहराची घरे मागे पडतात आणि समोर पाण्यातून जाणारी एक लांब, सरळ, दगडी वाट दिसू लागते. हाच लिन्यारिशचा पूल. व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्य, म्हणजे लिन्यारिशचा कोंद, याच्या कारकिर्दीत १६३३-३४ मध्ये तो बांधला गेला. लांबी सुमारे तीन किलोमीटर. एका बाजूला मांडवीचे पात्र आणि दुसऱ्या बाजूला दलदल, मिठागरे व खाजणे. तोपर्यंत पणजीहून रायबंदरला कोरड्या पायांनी जाण्याची सोय नव्हती. होडी तरी करावयाची, नाही तर लांबचा फेरा घ्यावयाचा. या पुलाने दोन कोरड्या जमिनी सांधल्या.

एकदा या पुलावर आमच्या तुकडीतील एका मुलाने विचारले, “सर, हा पूल आहे की बांध?” प्रश्न मोठा मार्मिक होता. पाहणाऱ्याला तो बांधासारखाच दिसतो. परंतु नीट वाकून पाहिले की त्याच्या पोटात कमानी आढळतात. भरतीचे पाणी त्या कमानींतून आत जाते, ओहोटीला त्याच वाटेने बाहेर येते. बांधाचे काम पाण्याला अडविण्याचे, पुलाचे काम पाण्याला वाट देण्याचे. या बांधकामाने जेथे अडवावयाचे तेथे अडविले आणि जेथे सोडावयाचे तेथे सोडले. चाळिशीच्या आत असलेल्यांना आठवणार नाही, पण थोरांना आठवत असेल: १९७० च्या सुमारास मांडवीवर उभा राहिलेला काँक्रीटचा मोठा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. त्याच्या हाकेच्या अंतरावर असलेला हा सतराव्या शतकातील चिऱ्याचा पूल मात्र त्या दिवशी होता तसाच उभा राहिला. आज नदीवर पुलांची रांग आहे. त्यांतला सर्वांत उंच अटल सेतू २०१९ साली खुला झाला. त्या सर्वांच्या सावलीत हा बुटका म्हातारा अजून रोजची रहदारी वाहतो आहे.

याच मुलाने थोड्या वेळाने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो मला अधिक मोलाचा वाटला. “सर, एवढे मोठे शहर ओस पडले, मग हा पूल कसा राहिला?” मी त्याला म्हटले, उत्तर वाटेवरच सापडते का पाहू. श्रोतेहो, आपणही तसेच पाहू या.

उजाडू लागले की पुलाच्या दक्षिणेकडचा पसारा स्पष्ट होतो. खारफुटीची झाडे, त्यांत बगळे, तारेवर बसलेला खंड्या, आणि झाडीपलीकडे मातीच्या बांधांनी आखलेली जमीन. ही खाजणे. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी, माणसाने बांध घालून समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. बांधाला जागोजाग ‘मानस’ नावाची दारे असतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने मानसाची फळी उघडते आणि शेतातले जादा पाणी बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्याने तीच फळी आपोआप मिटते. त्या जमिनीत खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात पिकते, पाण्याच्या वाटांत मासळी मिळते, आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ पिकवितात. लिन्यारिशच्या पुलाच्या कमानी पाहिल्यावर हा मानस पाहावा. दोघांमागील विचार एकच आहे, आणि त्या विचारात खाजण पुलाहून पुष्कळ वडील आहे.

किती वडील, याचा एक पुरावा कागदावरही आहे. अल्बुकेर्कने गोवा जिंकला १५१० साली, २५ नोव्हेंबरला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १५२६ मध्ये, पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी येथील गावकऱ्यांचे जुने रीतिरिवाज नोंदवून घेतले. त्या सनदेत गावांच्या उत्पत्तीची हकीगत येते ती अशी की, फार पूर्वी चौघे जण एका ओसाड बेटावर कसण्यासाठी आले, त्यांनी ती जमीन राबून सुधारली, आणि त्यांच्या वंशजांना गावकर म्हणू लागले. त्या चौघांची नावे सनदेत नाहीत. व्हाइसरॉयचे नाव पुलाला मिळाले. बांध घालणाऱ्यांच्या वाट्याला एक संख्या आली. इतिहासाच्या पुस्तकांत हे नेहमीचेच आहे. परंतु चालणाऱ्याला व्हाइसरॉयचे नाव दिसत नाही, बांध दिसतो.

पूल संपतो तेथे रायबंदर. नावाची फोड लोक ‘रायांचे बंदर’ अशी करतात. येथवर आल्यावर पहिली विश्रांती घ्यावी. याच सुमारास सायकलवरून भोंपू वाजवीत पोदेर येतो. ताजे पाव आणि चहा मिळाला की मुलांच्या पायांत पुन्हा बळ येते. धक्क्यावरून चोडणला जाणारी फेरीबोट दिसते. पलीकडे चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीचे दाट रान आहे. ते १९८८ पासून डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य झाले आहे. रायबंदरची जुनी घरे रस्त्याच्या एका कडेला, दुसऱ्या कडेला नदी. जुन्या गोव्यातील सरकारी इस्पितळ स्थलांतर करीत अखेर एकोणिसाव्या शतकात याच गावी आले. इस्पितळानेही शहराच्याच वाटेने चालत यावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कारण शहर उठले ते आजाराने. मूळचे गोवा शहर, एला, नदीच्या काठी टेकड्यांच्या कुशीत वसले होते. जमीन चिऱ्याच्या खडकाची. हा खडक सच्छिद्र. त्यातून पाणी झिरपते, आणि पाण्याबरोबर घाणही झिरपते. वस्ती दाट झाली, शौचकूप आणि विहिरी शेजारीशेजारी आल्या, आणि विहिरींचे पाणी बिघडले. १५४३ साली शहरात पटकीची भयंकर साथ आली. तिचे वर्णन गास्पार कोरैया या बखरकाराने लिहून ठेवले आहे. पुढे वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ याच शहरात छापला गेला, त्यातही या रोगाची चर्चा आहे. ज्यांना परवडे ते शहराबाहेरच्या बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी पीत. ते पाणी गुलाम घागरींतून आणीत आणि शहरात विकीत. फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात होता. तो स्वतः येथील सरकारी इस्पितळात उपचार घेऊन बरा झाला आणि त्याने त्या इस्पितळाची तोंड भरून स्तुती केली. पण इस्पितळ कितीही चांगले असले तरी विहीर वाईट असेल तर रोगी संपत नाहीत.

येथे कालक्रमातील एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. लिन्यारिशचा पूल १६३४ मध्ये पुरा झाला आणि १६३५ मध्ये शहरात पुन्हा मोठी साथ उद्भवली. पूल बांधणाऱ्यांच्या मनात राजधानी बळकट करण्याचा हेतू असणार. पश्चिमेकडून माणसे आणि माल शहरात यावा हा. प्रत्यक्षात पुढल्या दोन शतकांत त्या वाटेने माणसे बाहेर पडली. वाट कोणत्या बाजूने चालावी हे वाट बांधणारा ठरवीत नाही.

रायबंदर सोडून पणेलीकडे निघाले की रस्ता पुन्हा नदीला बिलगतो. ऊन कोवळे असते. सात वाजत आले असतील तर मी मुलांना येथे एक कल्पना करावयास सांगतो. लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ पासून काही वर्षे येथील आर्चबिशपांच्या पदरी कारकून होता. त्याने लिहून ठेवले आहे की, शहराच्या मुख्य रस्त्यावर सण व रविवार सोडून रोज सकाळी सात ते नऊ या वेळेत बाजार भरे. दिवसाच्या उन्हात नव्हे, सकाळच्या गारव्यात. तेथे लिलाव चाले. अरबी घोडे, मसाले, मोत्ये, गालिचे, कापड, आणि त्याच ओळीत माणसे. स्त्री-पुरुष गुलाम तेथे विकले जात. ज्या घटकेला आपण पाव-चहा घेऊन हसतखेळत चाललेलो असतो, त्याच घटकेला, चारशे वर्षांपूर्वी, या वाटेच्या शेवटी माणसांना बोली लागत असे. ही गोष्ट सांगितली की तुकडीतली बडबड आपोआप थांबते. ती थांबावी म्हणूनच मी ती सांगतो. ‘सुवर्णनगरी’ म्हणून ज्या गोव्याचे गोडवे गाइले जातात, त्याचे सोने कोणी वाहिले आणि त्याचे पाणी कोणी भरले, हे ठाऊक असल्याशिवाय त्याचे अवशेष पाहू नयेत.

पुढे उजव्या हाताला टेकडीवर एक उभा तुटका मनोरा दिसू लागतो. हा सेंट ऑगस्टिनच्या मठाचा. चार मजली, सुमारे ४६ मीटर उंच, आणि सगळा चिऱ्याचा. १८३५ मध्ये सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, मठ रिकामा झाला, आणि अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचे छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. पाहा, कमानीची विद्या तीच, दगड तोच, गवंड्यांचे हात बहुधा एकाच परंपरेतले. खालचा पूल रोज वापरात राहिला म्हणून त्याची डागडुजी होत गेली. वरचा मठ रिकामा पडला आणि प्रत्येक पावसाळ्याने त्याचा थोडाथोडा घास घेतला. गोव्यातल्या पावसात छपराची कौले एक वर्ष परतली नाहीत तर काय होते, हे कोणत्याही घरधन्याला विचारावे.

इतर पुष्कळ इमारती तर पावसाचीही वाट न पाहता गेल्या. नव्या पणजीची उभारणी चालू होती. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु या गव्हर्नराने १८२७ ते १८३५ या काळात तेथील दलदली बुजवून रस्ते आखले. बांधकामाला तयार दगड हवा होता आणि तो ओस पडलेल्या राजधानीत होता. जुन्या वाड्यांचे चिरे काढून पणजीला नेले गेले. पहाटे आपण निघालो त्या शहरात जुने गोवे अशा रीतीने अंशाअंशाने मुरले आहे.

आठ-साडेआठला आपण जुन्या गोव्यात पोहोचतो. बॉम जिझस, से कॅथेड्रल, सेंट कॅजेटन या वास्तू १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, आणि त्यांच्याविषयी पुस्तके मिळतात. मी तुकडीला आधी नदीच्या धक्क्यावर नेतो. तेथे व्हाइसरॉयांची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्कु द गामा व्हाइसरॉय असताना, १५९९ च्या सुमारास, पणजोबाच्या स्मरणार्थ ती उभारली. पुढे तिची पडझड झाल्यावर १९५४ मध्ये ती पुन्हा बांधण्यात आली. नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरला की या कमानीतून शहरात शिरे. आज तिच्यातून दिवाडीच्या फेरीबोटीचे उतारू, शाळेची मुले, मासळीची टोपली घेतलेल्या बाया ये-जा करतात. व्हाइसरॉय संपले, धक्क्याचे काम चालूच आहे.

धक्क्यावर उभे राहून पलीकडे पाहिले की दिवाडी बेट, आणि त्याच्या पूर्वेला जुवे बेट. मराठी वाचकाला या पाण्याची आणखी एक ओळख आहे. १६८३ च्या नोव्हेंबरच्या २४ तारखेला रात्री, ओहोटीची वेळ साधून, छत्रपती संभाजी महाराजांच्या मोजक्या माणसांनी जुव्याचा किल्ला घेतला. राजधानी तेथून हाकेवर. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन गेला. त्याचा मोड झाला आणि तो जखमी होऊन परतला. त्याने बॉम जिझसमध्ये जाऊन आपला अधिकारदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीत ठेवला, असे सांगतात. पुढे मोगल फौज कोकणात उतरल्याने मराठ्यांना मागे फिरावे लागले. पण राजधानी मुरगावला हलविण्याचा बेत त्याच व्हाइसरॉयने १६८४ मध्ये मांडला. जी नदी त्या शहराचा खंदक मानली जात होती ती ओहोटीला किती उथळ होते, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते दाखवून दिले होते.

त्याच व्हाइसरॉयने त्याच १६८४ साली येथील लोकभाषेवर बंदी घालून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढला. आणि याच धक्क्यावर त्याआधी एक शतक, १५७९ च्या ऑक्टोबरात, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट उतरला होता. तो साष्टीत राहिला, लोकांची भाषा शिकला आणि मराठी ओव्यांत त्याने क्रिस्तपुराण रचले. अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली राशोलला छापला गेला. ज्या शहरात १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला, त्या शहराच्या राज्यकर्त्यांना लोकांच्या भाषेचे काय करावे हे अखेरपर्यंत उमगले नाही. कधी ती शिकावी, कधी ती मोडावी असे त्यांचे चालले. भाषा मात्र घरोघर चालू राहिली. ख्रिस्ती मराठी माणूस म्हणून या धक्क्यावर मला स्टीफन्स आठवतो आणि तो हुकूमही आठवतो. दोन्ही आठवावेत, एकासाठी दुसरा विसरू नये.

या वाटेने चालणारे आम्ही पहिले नव्हे, हे सांगावयास नकोच. दरवर्षी ३ डिसेंबरला झेवियरचे फेस्त असते. त्याआधीच्या नऊ दिवसांत गोव्याच्या कानाकोपऱ्यांतून, दक्षिण कोकणातून आणि बेळगाव भागातूनही माणसे पायी येतात. रात्री निघून पहाटेच्या प्रार्थनेला पोहोचणाऱ्यांचे जथे या पुलावर दिसतात. त्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही असतात. पंढरीच्या वाटेचा संस्कार असलेल्या आपल्या मुलखाला यात नवल वाटू नये. देवाकडे पायी जावे, आणि एकट्याने न जाता दहांच्या संगतीने जावे, ही समजूत येथल्या मातीतली आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. शहर ओस पडले, पूल कसा राहिला? परतीच्या बसची वाट पाहताना मी तो प्रश्न तुकडीपुढे ठेवला. एका मुलीने उत्तर दिले, “पूल लोकांना रोज लागत होता.” दुसरा म्हणाला, “पुलाने पाण्याला जागा दिली.” मला त्यात फारशी भर घालावी लागली नाही. शहराला दगडाची कमतरता नव्हती, पैशाचीही एके काळी नव्हती. त्याने कमान बांधली, मनोरे बांधले, आणि पायांखालून झिरपणाऱ्या पाण्याचा हिशेब ठेवला नाही. पुलाने आणि खाजणाने तो ठेवला. आणि हिशेब एकदा ठेवून भागत नाही. बांधाची माती दरवर्षी चढवावी लागते, मानसाची फळी दरवर्षी पाहावी लागते.

म्हणूनच पुलावरून दिसणारे दृश्य मनाला चटका लावते. पूर्वी गावकरी संस्था बांधांची देखभाल करीत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर ती जबाबदारी हळूहळू कुळांच्या संघांकडे आली. काही ठिकाणी ती नीट चालते. पुष्कळ ठिकाणी शेती परवडेनाशी झाली, तरुण माणसे दुसऱ्या उद्योगाला लागली, आणि बांधाकडे कोणी फिरकेनासे झाले. बांधाला भगदाड पडले की खारे पाणी आत येते आणि जमीन कित्येक वर्षे भाताला पारखी होते. आता समुद्राची पातळी वाढते आहे असे शास्त्रज्ञ मोजमापांनी सांगतात. तेव्हा पणजीसारख्या सखल शहराला हे बांध पूर्वीपेक्षा अधिकच लागणार आहेत. ज्या राजधानीने विहिरी विसरल्या तिचे काय झाले ते या वाटेच्या एका टोकाला दिसते. दुसऱ्या टोकाला आपण राहतो.

श्रोतेहो, पावसाळा सरला आणि हवेत गारवा आला की एखाद्या सुटीच्या पहाटे शेजारपाजाऱ्यांना, मुलाबाळांना घेऊन या वाटेने एकदा जावे. आपण बेळगावचे असा, इंदूरचे असा की बडोद्याचे, आपल्याही गावाजवळ नदी असेल आणि नदीकाठी जुनी वाट असेल. तिच्यावरूनही चालावे. चालताना एखादा बांध खचलेला दिसला तर तो कोणाच्या ताब्यात आहे एवढी चौकशी परतल्यावर करावी. इतिहासाच्या अभ्यासाचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ झाला.